तिसऱ्या जूनपर्यंत

"गेला का हो आमचा गुलाब?"

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत दरवर्षी एप्रिलमध्ये मला हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारं कुटुंब बहुधा पुण्याकडचं किंवा ठाण्याकडचं असतं. काही वर्षं अपार्टमेंटमध्ये काढून नुकतंच स्वतःच्या घरात आलेलं. मागच्या अंगणाच्या कुंपणाशी गेल्या वसंतात त्यांनी मोठ्या हौसेनं वेली गुलाब लावलेला असतो. रोपाच्या पाकिटावर कमानभर फुलांचं चित्र होतं. कुंपणाशी मात्र गुडघाभर उंचीच्या दोन काटक्या उभ्या असतात आणि त्यांच्यावर पानाचा पत्ता नसतो.

मी त्यांना आधी काटकीची साल नखानं किंचित खरवडायला सांगतो. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. बहुतेकदा हिरवंच दिसतं. मग त्या घरातल्या वहिनींचा पुढचा प्रश्न येतो आणि तोच खरा अवघड असतो: "मग वाढत का नाही?"

इथल्या जुन्या बागवानांचं वेलींविषयी एक म्हणणं आहे. वेल पहिल्या वर्षी झोपते, दुसऱ्या वर्षी रांगते, तिसऱ्या वर्षी झेप घेते. झोपेतून झेप होईपर्यंतच्या त्या दोन वर्षांत नेमकं काय चाललेलं असतं, हे कळलं की धीर धरणं सोपं जातं. आणि मुख्य म्हणजे धीर सुटल्यावर आपण कात्री घेऊन जे करतो, ते टळतं.

सुरुवात खालून करू. इथे वसंतात मिळणारं रोप पुष्कळदा मातीशिवाय येतं: उघडी मुळं, ओलसर भुश्शात गुंडाळलेली. कॅलिफोर्नियातल्या वास्कोसारख्या गुलाबशेतीच्या गावात ते वाढलेलं असतं. तिथे यंत्रानं उपटून ते थंड कोठारात ठेवलं जातं आणि मग पाठवलं जातं. उपटताना जाडी मुळं वाचतात, पण पाणी शोषणारी केसासारखी बारीक मुळं शेतातच राहून जातात. आपल्या हातात येतं ते तोंड शिवलेलं झाड. त्याच्याजवळ शिदोरी म्हणून खोडात आणि मुळांत साठलेला थोडा पिष्टपदार्थ असतो. त्यावर पहिली पानं फुटतात, पानं अन्न करू लागतात आणि ते अन्न आधी खाली जातं. मुळं पुरेशी पसरेपर्यंत वर काही मोठं उभारणं झाडाला परवडत नाही. वर चार मीटरची फांदी उभी केली आणि तिला पाणी पोचवायला खाली मुळंच नसली, तर जुलैच्या एका कोरड्या आठवड्यात सगळं वाळेल.

झुडपी गुलाबाला हे दुखणं एवढं जाणवत नाही, कारण त्याची गरजच लहान. हातभर नवी फूट आली की तिच्या टोकाला कळी धरते. वेली गुलाबाचा स्वभाव वेगळा आहे. त्याचे पूर्वज रानाच्या कडेला, दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढणारे. आधी उजेडापर्यंत पोचायचं आणि मग फुलायचं, हा त्यांचा क्रम. काकडीच्या वेलीला येतात तसे गुंडाळणारे तंतू गुलाबाला नसतात. लांब फांदी दुसऱ्याच्या अंगावर टाकायची आणि आकडेदार काट्यांनी अडकवून घ्यायची, एवढंच त्याच्या हाती असतं.

या स्वभावामागचं जनुकही आता सापडलं आहे. २०१२मध्ये जपानी आणि फ्रेंच संशोधकांनी गुलाबातल्या अशा एका जनुकाचा शोध प्रसिद्ध केला, जे फुलोऱ्याला थोपवून धरतं. ते धडधाकट असलं तर झाड वर्षातून एकदाच फुलतं आणि उरलेला काळ वाढत राहतं. जुन्या चिनी गुलाबांत या जनुकाच्या मध्येच डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला आणि ते निकामी झालं. म्हणून ते गुलाब लहानखुरे राहिले आणि सारखे फुलू लागले. आपण फुलवाल्याकडून घेतो त्या आधुनिक गुलाबांचं बारमाही फुलणं याच बिघाडातून आलं. त्यातल्याच एका चिनी जातीत कधी कधी तो तुकडा बाहेर पडतो आणि जनुक पुन्हा कामाला लागतं, तेव्हा झुडपाची वेल होते, पण बारमाही फुलणं थांबतं. म्हणजे उंच चढणं आणि पुन्हापुन्हा फुलणं या दोन गोष्टींचं एकमेकींशी फारसं जमत नाही. हे लक्षात ठेवा. नदीपलीकडच्या एका गुलाबाकडे आपल्याला जायचं आहे, त्याचं मोल यावरूनच कळेल.

त्याआधी पिस्कॅटवेच्या मातीबद्दल. इथे कुदळ मारली की फूट-दीड फुटावर तांबडा शेल लागतो. पापुद्र्यापापुद्र्यानं सुटणारा, मऊसर दगड. कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा जांभाच वाटतो. रंगाचं साम्य आहे, पण कूळ निराळं. जांभा म्हणजे पावसानं धुऊन धुऊन उरलेला खडक. हा शेल म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा गाळ, दाबून घट्ट झालेला. सह्याद्रीचा काळा बसाल्ट याच्यापुढे पुष्कळच लहान, साडेसहा कोटी वर्षांचा. या शेलवरची माती चिकण असते, आणि नव्या वसाहतींत घरं बांधताना वरचा चांगला थर बहुधा खरवडला गेलेला असतो. त्यात बादलीएवढा खड्डा करून रोप लावलं तर पावसाळी आठवड्यात त्याचं डबकं होतं आणि मुळं गुदमरतात. दीड-दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घ्यावा, शेलचे तुकडे काढावेत, कुजलेलं पालापाचोळ्याचं खत मिसळावं. आम्लता किती हे अंदाजानं ठरवू नये. गुलाबाला ६ ते ६.५ सामू मानवतो, आणि रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा घरगुती बागांचे नमुनेही तपासून देते. मला हे फार मोलाचं वाटतं. इतक्या जवळ इतकं मोठं कृषी विद्यापीठ असलेले बागवान जगात थोडे असतील.

आता डोळ्याबद्दल. आपल्याकडे गुलाबाला डोळा भरतात, म्हणजे रानटी खुंटावर हव्या त्या जातीचा एक डोळा बसवतात. इथेही बहुतेक विकतची रोपं अशीच असतात. पुण्यात हा सांधा मातीच्या वर ठेवायचा, हे माळी पहिल्या दिवशी शिकवतो. इथे तो दोन-तीन बोटं मातीखाली घ्यावा. कारण थंडी. पिस्कॅटवे अमेरिकी कृषी खात्याच्या थंडीच्या नकाशात ७ए पट्ट्यात येतं, म्हणजे हिवाळ्यातला सर्वांत कडाक्याचा दिवस सरासरीनं उणे १५ ते उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. सांधा उघडा राहिला आणि वरचा गुलाब गारठून मेला, तरी खालचा खुंट जिवंत राहतो. मग मे महिन्यात जोमदार फूट येते, घरात आनंद होतो, आणि जूनमध्ये गुलाबी गुलाबाच्या जागी गडद लाल फुलं उमलतात.

त्या लाल गुलाबाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याचं नाव डॉ. ह्यूई. फिलाडेल्फियाचे जॉर्ज थॉमस यांनी तो तयार केला आणि आपल्या एका गुलाबप्रेमी दंतवैद्य मित्राचं नाव त्याला दिलं. थॉमस पुढे गोल्फची मैदानं आखणारे म्हणून नावाजले गेले. १९२०मध्ये बाजारात आलेला हा स्वतःच एक सुंदर वेली गुलाब आहे, पण त्याची मुळं इतकी काटक निघाली की अमेरिकेतल्या नर्सऱ्यांनी त्याचा खुंटच केला. कित्येक जुन्या घरांच्या पायऱ्यांशी जूनमध्ये दिसणारा तो किरमिजी गुलाब कुणी लावलेला नसतो. वर लावलेला गुलाब केव्हाच गेलेला असतो, आणि ओझं वाहणारा खुंट शंभर वर्षांनीही स्वतःच्या रंगात फुलत असतो.

वेली गुलाब रेंगाळण्याचं सर्वांत मोठं कारण मात्र थंडी नाही आणि मातीही नाही. आपल्या घरांपुरतं बोलायचं तर ते कारण म्हणजे ऑक्टोबर छाटणी.

पुणे, नाशिक, नगर, कुठेही गुलाब लावलेल्या घरात हे अंगात मुरलेलं असतं. पाऊस संपला, दसरा-दिवाळीच्या सुमारास गुलाब निम्म्यावर आणायचा, खत घालायचं, साधारण दीड महिन्यात फुलं. झुडपी गुलाबाला आणि तिथल्या हवेला ते अगदी योग्य आहे. मीही इथे आल्यावर तेच केलं. ओळीनं दोन वर्षं ऑक्टोबरमध्ये मी माझा वेली गुलाब गुडघ्यापर्यंत आणला आणि वर खत घातलं. त्याने दोन चुका एकदम झाल्या. छाटणी आणि खत यांनी जागी झालेली कोवळी फूट नोव्हेंबरच्या दहिवरानं काळी पडली. आणि ज्या लांब फांद्यांवर पुढच्या जूनची फुलं यायची होती, त्या मी कचऱ्याच्या कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवून दिल्या होत्या. झाड वसंतात पुन्हा बुडापासून सुरुवात करायचं. वर्षं सरली, पण माझा गुलाब पहिल्याच वर्षात राहिला. त्या झाडाबद्दल मला आजही वाईट वाटतं.

मला हे उलगडलं ते नाशिकच्या द्राक्षबागेच्या आठवणीनं. द्राक्षाचा बागाईतदार नव्या वेलीकडून पहिल्या वर्षी घड मागत नाही. डॉगरिजसारख्या खुंटावर कलम झालं की वेल तारेपर्यंत न्यायची, तिचे आडवे ओलांडे तयार करायचे, त्यावर काड्या घ्यायच्या, म्हणजे पहिलं वर्ष सांगाड्याचं. पुढेही एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ज्या काड्या येतात, त्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच घड ठरून जातो, आणि ऑक्टोबरची फळछाटणी तो घड असलेला डोळा राखूनच होते. काडी म्हणजे पुढच्या हंगामाची ठेव, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. वेली गुलाबाचंही असंच आहे. त्याच्या लांब फांद्या म्हणजे ओलांडे. फुलं येतात ती त्या जुन्या फांद्यांवरून निघणाऱ्या वीतभर काड्यांवर. सांगाडा तयार व्हायच्या आधी तो तोडायचा नसतो.

म्हणून पहिली दोन-तीन वर्षं वेली गुलाबाची छाटणी नाही. मेलेलं, मोडलेलं, रोगट तेवढं काढावं. तेही मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला. तारीख पाहू नये, फोर्सिथिया पाहावी. पानं यायच्या आधी पिवळ्याधमक फुलांनी भरणारं ते झुडूप इथल्या प्रत्येक रस्त्यावर आहे. आपल्याकडे पळस फुलला की उन्हाळा लागला म्हणतात, तसं इथले बागवान फोर्सिथिया फुलली की गुलाबाची कात्री काढतात. ऑगस्ट संपला की खत बंद. आठवड्याला इंचभर पाणी, पाऊस धरून. बुंध्याशी तीनेक इंच लाकडी भुसा, खोडाला न टेकता. नत्राचा भडिमार नको. पानं गच्च येतात आणि कळ्या रुसतात. आणि रोप भिंतीला चिकटून लावू नये, फूटभर लांब लावावं, कारण वळचणीखाली पाऊस पोचतच नाही. मुसळधार पावसानंतरही तिथली माती बोटाला कोरडी लागते.

आता नदीपलीकडे.

पिस्कॅटवेतून लँडिंग लेनचा पूल ओलांडला की न्यू ब्रन्सविक. मधे रॅरिटन नदी. या न्यू ब्रन्सविकच्या एका गुलाबाचं नाव जगाच्या कायद्याच्या इतिहासात आहे.

त्याची सुरुवात होते डॉ. वॉल्टर व्हॅन फ्लीट यांच्यापासून. हे वैद्यक सोडून वनस्पतींच्या संकराकडे वळलेले डॉक्टर. न्यू जर्सीतल्या लिटल सिल्व्हर इथे काही वर्षं आणि नंतर अमेरिकी कृषी खात्यात त्यांनी काम केलं. युरोपचे नाजूक गुलाब अमेरिकेच्या हिवाळ्यात टिकत नाहीत, ही त्यांची चिंता. जपानहून आलेला, जमिनीवर पसरणारा एक काटक रानगुलाब घेऊन त्यांनी त्याचे संकर केले. त्यातला एक फिक्या गुलाबी, मोठ्या फुलांचा वेली गुलाब १९१०मध्ये त्यांच्याच नावानं बाजारात आला. थंडीला न डगमगणारा, वीस फूट चढणारा. पण वर्षातून एकदाच फुलणारा. जून संपला की हिरवी भिंत.

पुढे न्यू ब्रन्सविकच्या सॉमरसेट रोझ नर्सरीत या जातीची एक फांदी निराळी वागताना दिसली. जूननंतरही तिच्यावर कळ्या येत राहिल्या. बाकी सगळं तसंच: तोच रंग, तोच काटकपणा, तेच चढणं. निसर्गात होणारा असा अचानक बदल डोळा भरून कायम करता येतो. ज्या दोन गोष्टींचं एकमेकींशी जमत नाही असं मी वर म्हटलं, त्या दोन्ही इथे एका फांदीवर आल्या होत्या. या गुलाबाला नाव मिळालं न्यू डॉन, नवी पहाट.

२३ मे १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी वनस्पती पेटंट कायद्यावर सही केली. यंत्राच्या शोधकाला मिळतो तसा हक्क, डोळा भरून किंवा छाट कलमानं वाढवता येणारी नवी जात शोधणाऱ्यालाही मिळू लागला. आणि १८ ऑगस्ट १९३१ रोजी या कायद्याखालचं पहिलं पेटंट, वनस्पती पेटंट क्रमांक १, न्यू ब्रन्सविकच्या हेन्री बोझेनबर्ग यांना न्यू डॉनसाठी दिलं गेलं. नावीन्य म्हणून त्यात मांडलं होतं ते हेच, वेली गुलाबाचं पुन्हापुन्हा फुलणं.

या कायद्याला थॉमस एडिसन यांनी पाठिंबा दिला होता. ज्या मेन्लो पार्कमध्ये त्यांची प्रयोगशाळा होती, ती जागा पिस्कॅटवेच्या शेजारच्या गावात आहे. त्या गावाचं नाव तेव्हा रॅरिटन टाउनशिप होतं. १९५४मध्ये ते एडिसन झालं. आज आपण वाणसामान आणायला, गणपतीची मूर्ती घ्यायला जातो ते हेच एडिसन. गुलाबाला पेटंट मिळाल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, १८ ऑक्टोबर १९३१ला, एडिसन वारले. कायदा, गुलाब आणि प्रयोगशाळा, सगळं आपल्या घरापासून काही मैलांत. इथे पंचवीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांना मी हे सांगतो तेव्हा ते चकित होतात. मलाही पुष्कळ उशिरा कळलं.

न्यू डॉनचं नाव पुढे जगभर झालं. अलोहासारखे कितीतरी नवे वेली गुलाब त्याच्यापासून निघाले, आणि १९९७मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघानं त्याला जगाच्या लाडक्या गुलाबाचा मान दिला. पिस्कॅटवेत पहिलाच वेली गुलाब लावणाऱ्याला मी डोळे मिटून हाच सांगतो. तोही सावकाशच रुळतो. पण तो याच हवेतला आहे आणि इथल्या हिवाळ्यात त्याच्या फांद्या सहसा मरत नाहीत, म्हणजे सांगाडा दरवर्षी नव्यानं उभारावा लागत नाही. निवड करण्याआधी फुललेले वेली गुलाब पाहायचे असतील तर जूनमध्ये फ्रँकलिन टाउनशिपच्या कलोनिअल पार्कातल्या व्हॅन डर गूट गुलाबबागेत जावं. हजारो गुलाब आहेत, आणि वेली गुलाब कसे बांधलेत हे जवळून बघता येतं.

कारण तिसऱ्या वर्षी प्रश्न येतो तो बांधण्याचा. तोवर बुडातून बोटाएवढ्या जाड, सरळ वर जाणाऱ्या फांद्या आलेल्या असतात. त्यांना तसंच वर जाऊ दिलं तर फुलं येतील शेंड्याला, शेजाऱ्याच्या माडीवरून दिसतील अशी. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाली वाहतं आणि वाटेतल्या डोळ्यांना निजवून ठेवतं. तुरीचा किंवा कपाशीचा शेंडा खुडला की बाजूचे फुटवे का येतात, त्याचं कारण हेच. गुलाबाचा शेंडा मात्र खुडायचा नाही, वाकवायचा. फांदी जवळजवळ आडवी करून जाळीला बांधली की शेंड्याचा धाक कमी होतो आणि फांदीभरचे डोळे एकेक करून जागे होतात. जिथे एका टोकाला एक घोस आला असता, तिथे आता सहा फुटांच्या फांदीवर दर चार बोटांवर फुलाची काडी उभी राहते. वाकवणं सावकाश करावं. जुनी फांदी एकदम वाकवली तर बुडाशी फाटते. कोवळी, त्याच वर्षाची फांदी सहज ऐकते. पंख्यासारखी मांडणी करावी, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. तारेनं कधीच बांधू नये, ती सालीत रुतते. आमच्याकडे आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या आहेत. मऊ असतात, पावसात कुजतात आणि दरवर्षी नव्या बांधाव्या लागतात, त्या निमित्तानं फांद्या तपासल्या जातात.

वैरी दोन-तीनच सांगतो. हरणं पहिली. मे महिन्यातले कोवळे शेंडे त्यांना फार आवडतात, आणि दर पंधरवड्याला शेंडा खाल्ला जात असेल तर झाड रेंगाळतं यात नवल काय? पहिली दोन वर्षं रोपाभोवती माणसाच्या छातीएवढ्या उंचीचं जाळीचं कडं ठेवावं. दुसरा जपानी भुंगेरा. अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला १९१६मध्ये, आपल्याच न्यू जर्सीत, रिव्हरटनजवळच्या एका नर्सरीत. जूनअखेरीपासून तो फुलांवर तुटून पडतो. सकाळी गारठ्यानं सुस्त असताना साबणाच्या पाण्यात पाडावा. बाजारातले गंधाचे सापळे अंगणात लावू नयेत, ते शेजारपाजारचे भुंगेही बोलावून आणतात. तिसरा रोग: शेंड्याला लालभडक, झाडूसारखी गच्च, अती काटेरी फूट आली तर तो कोळ्याच्या जातीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीनं आणलेला विषाणू असतो. त्यावर उपाय नाही. झाड मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकावं. हे सांगताना जिवावर येतं, पण एक ठेवलं की बाकीची जातात.

ज्या वहिनींनी "गेला का हो" विचारलं होतं, त्यांच्या गुलाबाचा यंदा तिसरा जून. मी गेलो तेव्हा त्या आणि त्यांची मुलगी कुंपणाशी उभ्या होत्या, हातात साडीच्या पट्ट्या. चार फांद्या आडव्या बांधून झाल्या होत्या आणि पाचवीवर वाद चालला होता. मुलगी फुलं मोजत होती, साठाच्या पुढे तिचा हिशेब चुकला.

परत येताना त्यांनी मला फूल येऊन गेलेली पेन्सिलीएवढी जाड एक काडी दिली. न्यू डॉनचं पेटंट सतरा वर्षांचं होतं, १९४८मध्ये संपलं. आता ही काडी कुणीही कुणालाही देऊ शकतं. मी तिचे चार-चार डोळ्यांचे दोन तुकडे केले, खालची पानं काढली आणि दह्याच्या रिकाम्या डब्यात ओल्या वाळूत खोचून वर पाण्याची कापलेली बाटली पालथी घातली. डबा स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत आहे. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतील. हे रोप स्वतःच्या मुळांवरचं असल्यानं आणखीच सावकाश येईल, पण त्याच्याखाली दुसऱ्या कुणाचा खुंट नसेल. वरचं सगळं गारठून गेलं तरी खालून पुन्हा न्यू डॉनच फुटेल. डब्यावर मी तारीख लिहून ठेवली आहे.